नव्या लाकडाची झीज

१

ताईला सकाळी तयार करणं ही लढाई आहे आणि मी ती रोज हरते. हा झगा टोचतो, तो घट्ट होतो. चप्पल घातली की काढायची, आणि काढली की "माझी चप्पल कोणी नेली?" म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. "आई आली का गं?" हे तर पालुपदच. आईला जाऊन एक जन्म लोटला. पूर्वी मी खरं सांगायचे, मग ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. आता मी "येतेय, वाटेत आहे" म्हणते आणि कुकर लावते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. ताईने आलेली स्थळं परत पाठवली आणि मला वाढवलं, शिकवलं. त्यामुळे आता तिचं करणं माझ्याकडे आलं यात तक्रार कसली, असं सगळे म्हणतात. "बहिणीसाठी चंदनासारखी झिजतेस गं," शेजारीण परवा म्हणाली. म्हटलं, चंदनाला निदान वास तरी येतो. मला नुसती झोप येते आणि ती मिळत नाही.

सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या. पहिली महिनाभर टिकली, दुसरी आठवडाभर, तिसरीने दारातूनच हात जोडले. म्हणून मग ताईला घेऊनच कामावर जायला लागले.

मी जुन्या इमारती दुरुस्त करते. म्हणजे करवत माझ्या हातात नसते. काय ठेवायचं, काय काढायचं, कशाला काय जोडायचं हे मी ठरवते आणि कामगारांच्या डोक्यावर बसून करून घेते. यावेळचं काम म्हणजे बाजारामागचं एक दुमजली घर. दगडी जोतं, हातभर जाड भिंती, लाकडी जिना, वर एक लांबलचक खोली आणि तिला रस्त्याकडे मोठी खिडकी. कोणे एके काळी त्या घराला मान होता. नंतर तिथे गोदाम झालं, नंतर फक्त कबुतरं उरली. पाडायला निघाले होते, पण वस्तीतल्या मंडळींनी समिती काढली, हातापाया पडून ते मिळवलं आणि मला बोलावलं. खाली वाचनालय आणि सभेची खोली, मागे शिवणवर्ग, आणि वरच्या लांब खोलीत म्हाताऱ्या माणसांची दिवसभराची सोय. सकाळी आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं.

खरं सांगते, हे काम मी त्या वरच्या खोलीसाठी घेतलं. ती उघडली की ताईला तिथे सोपवायचं आणि घरी येऊन, दार लावून, दिवसाढवळ्या झोपायचं. याच्यापलीकडे मला आयुष्याकडून काही नको होतं.

२

माझ्या कामात एक नियम आहे आणि त्यावरून माझी निम्म्या सुतारांशी भांडणं झालीत. नवं ते नवं दिसलं पाहिजे. जुन्या जिन्याची एखादी पायरी वाळवीने खाल्ली असेल तर ती बदलायची, पण नव्या पायरीला रंग फासून, कोपरे मारून, चहाचं पाणी चोपडून म्हातारी करायची नाही. मालकांना ते आवडतं, पण माझ्या लेखी ती फसवणूक आहे. जे तिथे नव्हतं ते होतं म्हणून सांगायचं नाही.

या कामावरच्या सुतार मिस्त्रीला हे पाठ होतं. माणूस तिरसट, पण हात स्वच्छ. शनिवारी त्याने जिन्याच्या मधल्या खराब पायऱ्या काढून नव्या बसवल्या. मी स्वतः लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा मधोमध होता. लाकूड पिवळंधम्मक दिसत होतं, रंध्याचा ताजा वास होता. मी म्हटलं, छान.

सोमवारी ताईचा हात धरून जिना चढत होते, तर माझा पाय त्या पायरीवर किंचित आत गेला. वाकून पाहिलं. पायरी मधोमध खोलगट झाली होती. कड गोल, गुळगुळीत. रंग शेजारच्या जुन्या पायऱ्यांइतका काळपट. वर्षानुवर्षं माणसं चढून-उतरून होतं ना, अगदी तसंच.

माझं डोकंच फिरलं.

"मिस्त्री! इकडे या. हे काय आहे?"

तो रंधा हातात घेऊनच आला. "काय झालं बाई?"

"मी काय सांगितलं होतं? नवं लाकूड म्हातारं करायची हौस कोणाला आली?"

त्याने पायरीवर तळहात फिरवला. मग दुसरीवर. मग उकिडवा बसून कडा चाचपल्या. "हे मी केलेलं नाही."

"मग काय उंदरांनी केलं?"

"शनिवारी तुम्हीच लेव्हल लावलीत ना?"

लावली होती, तेच तर मला खुपत होतं. पण झोप न झालेल्या माणसाचा राग असा असतो की तो बरोबर-चूक बघत नाही, समोर जो असेल त्याच्यावर जातो. मी बोलत सुटले. कामचोर म्हटलं, जुन्या पायऱ्या कुठूनतरी उचलून आणल्या म्हटलं, खोटारडा म्हटलं. गवंडी आणि त्याची माणसं काम थांबवून बघत होती.

मिस्त्रीने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. "इतका खड्डा पाडायला मला किती घासावं लागेल, जरा विचार करा," तो म्हणाला. "शिव्या द्या बाई. पण खोटारडा म्हणू नका." आणि गेला. ताई खालच्या पायरीवर उभी राहून हे सगळं ऐकत होती. "कोण आलं होतं गं?" तिने विचारलं.

३

दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि अक्कल जागी झाली. मी त्याच फळीचा उरलेला तुकडा शोधून काढला. नख रुतेना, खिळा ओढला तर पुसटशी रेघ उठली. लाकूड मऊ होतं म्हणावं तर तेही नाही. मिस्त्रीला निरोप धाडला, माफीही मागितली. तो परत आला नाही.

मग एकेक दिसायला लागलं. वरच्या खोलीच्या दाराला नवी पितळी कडी लावली होती. ती मधोमध लखलखीत आणि कडांना काळी पडली, जशी रोज उघडली-लावली जाणाऱ्या दाराची होते. जिन्याच्या नव्या कठड्याला झळाळी आली. वरच्या खोलीत दिव्याच्या बटणाजवळ आदल्या दिवशी चुन्याचा हात दिला होता, तिथे खांद्याच्या उंचीवर तेलकट डाग पडला. म्हातारं माणूस बटण दाबताना भिंतीला जिथे हात टेकेल, तिथे. तडा नाही, ओल नाही, काही मोडलं नाही. बिघडत काहीच नव्हतं. ते घर कोणीतरी वापरत होतं.

मी शिकलेली बाई आहे. माझ्याकडे दर गोष्टीला कारण असतं. कामगार दिवसभर जिन्यावरून ये-जा करतात, बुटांना वाळू असते, वाळू घासते. चुन्याला मळके हात लागतात. पितळ आधीपासूनच काळं असेल, माझ्याच डोळ्यांवर झापड असेल. झोप नसली की दोरीचा साप होतो. हे सगळं मी स्वतःला इतक्या ठामपणे समजावलं की समजावून पुन्हा दमले.

तरी राखणदाराला गाठलंच. तो कुंपणापाशी पत्र्याच्या खोपटात राहायचा.

"काय हो, संध्याकाळनंतर कोणाला आत झोपायला देता का? खरं सांगा, मी कोणाला सांगणार नाही."

"कोणाला देऊ? मी स्वतः आत झोपत नाही."

"का? आत तर ऊबदार आहे."

"जागा कुठे असते आत?" तो विडी विझवत म्हणाला. गाडीत जागा नव्हती म्हणून पुढच्या गाडीने आलो, असं कोणी सांगावं तितक्या सहज.

सिमेंटची पोती आणि विटा आत रचलेल्या होत्या. त्याला तेच म्हणायचं असणार. मी मान डोलावली आणि विषय वाढवला नाही.

४

ताई आधी खालीच बसायची, पोत्यांजवळ खुर्ची टाकून. सारखी उठायची, कामगारांच्या मध्ये मध्ये जायची, "आई आली का?" म्हणून गवंड्याला विचारायची. तो बिचारा "येतील हं आजी" म्हणायचा. एका दुपारी मी हिशेबाच्या गडबडीत होते आणि खुर्ची रिकामी. रस्ता पाहिला, मागची विहीर पाहिली, हाका मारून घसा कोरडा पडला.

ती वर होती. मोठ्या खिडकीत भिंतीच्या जाडीत आम्ही नव्या लाकडाची लांब बैठक केली होती, तिच्यावर पाय दुमडून बसलेली. ऊन अंगावर घेत होती आणि शेजारच्या फळीवरून तळहात फिरवत होती, पुढे-मागे, पुढे-मागे.

"ताई! अगं जीव घेतलास माझा. एकटी कशी आलीस वर?"

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. कित्येक महिन्यांत तो चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. "इथली माणसं फार बोलत नाहीत," ती म्हणाली. "बरं वाटतं."

"कोण माणसं?"

"हळू बोल," ती म्हणाली.

अंगावर काटा आला हे कबूल करते. पण त्याच्या पाठोपाठ काय वाटलं तेही सांगते. ती संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. एकदाही आईचं नाव काढलं नाही. मी खाली गोण्यांना टेकून चक्क डुलकी काढली आणि जागी झाले तेव्हा मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

त्यानंतर रोज तसंच. वर नेऊन बसवलं की दिवसभर आवाज नाही. घरी मात्र तिचं वाढत गेलं. अंधार पडला की पिशवी भरून दारात उभी राहायची. "हे कोणाचं घर आहे? मला घरी सोडा." मला ढकलायची, एकदा चावली. म्हणून मी सकाळी लवकर निघायला लागले आणि संध्याकाळी उशिरा परतायला. बैठकीची फळी आता तिच्या बसण्याच्या जागी खोलगट झाली होती. ती रोज बसते, झिजणारच. शेजारी, जिथे कोणीच बसत नव्हतं, तिथेही ओळीने तसेच खळगे पडले होते, आणि त्या बाजूला मी बघायचं टाळत होते.

५

गवंडी एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "बाई, घर सुरू झाल्यावर त्या वरच्या आजींना काढणार का इथून?"

"काढणार म्हणजे?"

"नाही, इतकी वर्षं राहिल्यात, म्हातारपणी कुठे जातील म्हणून विचारलं."

मला हसू आलं. "अहो, ती माझी बहीण. पहिल्या दिवशी तुम्हीच तिला रिक्षातून हात देऊन उतरवलंत. खुर्ची तुम्हीच आणलीत."

त्याने कप खाली ठेवला. चेष्टा करतोय म्हणावं तर चेहरा बापडा. "मला नाही आठवत," तो म्हणाला. "मी कामाला लागलो तेव्हा त्या वरच होत्या."

गवंड्याचं एकवेळ सोडून देऊ. समितीचे अध्यक्ष म्हणजे शुद्धीतला माणूस. दर वाक्याला "चला, चला" म्हणायची सवय, म्हणून आम्ही त्यांना मागे चलाचलाच म्हणतो. ताईचं दुखणं मी त्यांना शंभरदा सांगितलेलं, खोली लवकर उघडा म्हणून त्यांच्या मागे मीच लागले होते. ते पाहणीला आले, वर डोकावले, ताईला नमस्कार केला आणि जिना उतरताना म्हणाले, "चला, एक बरं झालं. जुन्या घरात घरचं माणूस अजून आहे. लोकांना आधार वाटतो. त्यांची खोली तशीच ठेवू."

"अध्यक्ष, ती माझी ताई आहे."

"काय थट्टा करता!" ते मोठ्याने हसले. "तुम्ही तर एकट्या राहता. चला, चला, खालचं बघू."

मी जिन्यात उभी राहिले, त्या खोलगट पायरीवर. ओरडून सांगावं, ओळखपत्र दाखवावं, शेजारणीला बोलवावं, काय काय मनात आलं. पण माणसाला खोटं ठरवायलाही अंगात जोर लागतो. त्या आठवड्यात मी दोनदा तरी जेवायचं विसरले होते. म्हटलं, नंतर बोलू. आणि खाली त्यांना खिडक्यांची तावदानं दाखवायला गेले.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "वरच्या आजी", तेव्हा मी नुसतं "हं" केलं.

६

बैठकीला पॉलिशचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता. मिस्त्रीच्या जागी घेतलेला नवा सुतार दुपारी जेवायला गेला, जाताना खिडकीच्या अर्ध्या भागावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर अडकवून गेला. सगळे कामगार बाहेर सावलीला होते. घर गप्प होतं.

मी जिन्याच्या तळाशी बसले होते. वरून आवाज येत होता. खर्र… खर्र… हलका, संथ, पॉलिश पेपर फिरवल्यासारखा. सुतार इतक्यात परत आला की काय? पण तो माझ्यासमोरूनच गेला होता आणि जिना एकच होता. ताईच असणार, फळीवरून हात फिरवत. तिच्या हाताचा इतका आवाज यायचा नाही, हेही मला ठाऊक होतं. एका माणसाच्या हाताचा तो आवाजच नव्हता. सगळे हात मात्र एका लयीत होते.

उठले, वर गेले. दार ढकललं.

ताई नेहमीच्या जागी होती, अर्धी उन्हात, अर्धी चादरीच्या आडोशाला. डोळे मिटलेले. तिचा हात फळीवर होता. आणि तिच्या हातावर दुसरा हात होता. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तसा तो तिचा हात धरून फिरवत होता, पुढे, मागे. मनगटाच्या मागे चादर होती. चादर अगदी सरळ लोंबत होती, तिच्यामागे कोणी असल्याचा फुगवटा नव्हता.

तो हात थांबला. मी दारात आहे हे त्याला कळलं होतं. त्याने ताईचा हात सोडला, आणि तिच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या फळीवर हलकेच थापटलं. ये, बस.

इतकी वर्षं मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी पुढे पाऊल टाकलं. भीती वाटली म्हणून मागे वळले असं सांगायला मला आवडलं असतं. खाली सुताराने गेट वाजवलं म्हणून मी वळले. पुन्हा पाहिलं तेव्हा ताई एकटी होती, आणि आवाज थांबला होता.

७

त्या संध्याकाळी तिला घरी नेलं आणि हात धुवायला नळाखाली धरले. तळहात उलटा केला तर त्यावर एकही रेष नव्हती. आयुष्याची नाही, कसलीच नाही. बोटांची पेरंही सपाट. जिन्याचा कठडा असतो ना, तसा गुळगुळीत. माझ्या लहानपणी ताई शिवणकाम करायची, याच हाताला सुईची टोकं लागून लागून घट्टे पडलेले होते, ते मला केस विंचरताना टोचायचे. मी साबण लावला, पुसला, दिव्याखाली पाहिला. ती माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत होती. "मला माझ्या घरी सोडता का हो?" तिने विचारलं. मला अहो-जाहो.

मी ठरवलं, बस्स. हे घर उघडू द्यायचं नाही. माझ्या हातात होतं ते. वरच्या खोलीची तुळई आतून पोखरली आहे, एवढं एक वाक्य मी बोलले असते तरी कुलूप पडलं असतं, कोणी मला खोटं पाडलं नसतं.

सकाळी चलाचला फाटकातच भेटले. "चला, झालं ना सगळं? रविवारी उघडायचं. पंचवीसेक म्हातारी माणसं यायची आहेत, घरचे लोक रोज विचारतात. तुम्ही एकदा तोंडाने म्हणा, घर पक्कं आहे ना? निर्धास्त ना?"

ताई माझ्याही आधी आत शिरली होती. जिना चढताना तिने कठडा धरला नाही, पायरी चाचपली नाही. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं आणि रात्रभर दारात उभं राहून दुखणाऱ्या माझ्या पायांकडे पाहिलं.

"निर्धास्त," मी म्हणाले.

संध्याकाळी तिला न्यायला वर गेले. "चल ताई." ती उठेना. मी हात धरून ओढलं. तिचा हात माझ्या हातातून निसटून गेला, त्याला धरायला काही नव्हतंच. पुन्हा ओढलं, पुन्हा निसटला. ती भांडली नाही, ओरडली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसली. मग खाली आले, दार ओढून घेतलं आणि एकटीच घरी गेले.

झोपले. दगडासारखी झोपले. जागी झाले तेव्हा ऊन पार उशाशी आलं होतं. मला लाज वाटली, फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भूक लागली होती.

८

रविवारी गर्दी लोटली. फीत कापली, चलाचलांनी भाषण केलं, वाचनालयात पोरांनी खुर्च्यांवरून मारामारी केली. सगळे म्हणत होते की घर कसं राहतं वाटतंय, नव्याने केल्यासारखं मुळीच वाटत नाही. माझी पाठ थोपटली. नवं काय आणि जुनं काय ते आता मलाही सांगता आलं नसतं.

वरच्या खोलीत म्हातारी माणसं एकेक करून येत होती. त्या संध्याकाळनंतर मी ताईला न्यायला वर गेलेच नव्हते. ती बैठकीवर केस नीट बांधून बसली होती आणि येईल त्याला हसून मान देत होती. मी दाराशी थांबले. पुढे जायचं धाडस नव्हतं.

एक बाई सासऱ्यांना घेऊन माझ्यापाशी आली. सासऱ्यांच्या सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत अडकलेली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि रडू येऊ नये म्हणून ती सारखी हसत होती. "तुम्हीच ना हे घर दुरुस्त केलंत? यांना ठेवू ना हो इथे? घरी मी एकटी पडते. रात्र रात्र डोळा लागत नाही. कोणाला सांगायची पण सोय नाही, लोक म्हणतात सून कंटाळली."

"माहितीये मला," मी म्हणाले. खरंच माहीत होतं.

एवढ्यात ताई उठली. गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आली आणि समोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत मी होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी होते. तिने तो गुळगुळीत हात माझ्या गालावर ठेवला.

"काय अवतार केलायस गं हा," ती म्हणाली. "किती वाळलीस. जेवलीस का? चल, आपण घरी जाऊ. मी करते तुला काहीतरी गरम."

फक्त "चल" म्हणायचं होतं. खाली रिक्षा उभ्या होत्या. हात निसटला असता तर कमरेला धरलं असतं, पण नेलं असतं. आणि त्याच क्षणी मला उद्याची सकाळ दिसली, परवाची दिसली, दारात पिशवी घेऊन उभी असलेली ती दिसली. माझे गुडघे दुखत होते.

"तुमच्या कोण या?" त्या सुनेने कौतुकाने विचारलं.

"माझ्या कोणी नाहीत," मी म्हणाले. "इथल्याच आहेत त्या."

ताईचा हात खाली आला. ती जराशी ओशाळली. "माफ करा हं," ती मला म्हणाली. "मला वाटलं, आमची धाकटी आली." आणि हळूहळू परत जाऊन खिडकीत बसली.

"किती शांत आहेत हो," सून म्हणाली. "यांनाही त्यांच्याच शेजारी बसवू ना?"

मी बाजूला झाले आणि त्यांना आत जायला वाट करून दिली.